औषधांच्या विम्यासाठी एक दुपार द्या: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या कार्यक्रमाची पत्रिका काल ईमेलने आली. अथर्वशीर्षाची आवर्तनं, मुलांचं लेझीम, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी नाटक. अगदी खाली एक ओळ होती: ज्येष्ठांसाठी पुढच्या दोन रांगा राखीव. ती ओळ वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. पुढच्या रांगा आम्हाला दरवर्षी मिळतात, त्याबद्दल मनापासून आभार. पण मार्चमध्ये मी मंडळाकडे मागितलं होतं ते वेगळंच. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा, त्यातला पार्ट डी, म्हणजे सरकारी नियमांनुसार खासगी कंपन्यांकडून घ्यायचा औषधांचा विमा, यावर मराठीतून दोन तासांचा कार्यक्रम ठेवा, एवढंच. उत्तर आलं की विषय रूक्ष आहे, लोक येणार नाहीत, आणि विम्याच्या भानगडीत मंडळाने पडू नये. हे उत्तर मला मान्य नाही. प्रश्न आमच्या एका मंडळाचा असता तर त्यांनाच पुन्हा लिहिलं असतं. पण न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या नातेवाइकांना फोन करून विचारलं, आणि आपल्या मंडळात असा कार्यक्रम झाल्याचं एकालाही आठवेना. म्हणून उघड लिहिते आहे.

मी एकाहत्तर वर्षांची, माझे यजमान शहात्तरचे. मुलगा इथला नागरिक झाला, त्याने आमचं ग्रीन कार्ड केलं आणि एप्रिल २०१८ मध्ये आम्ही सांगलीचं घर कुलूपबंद करून ओहायोला आलो. आमच्यासारखी, इथे कधी नोकरी न केलेली माणसं, पासष्टी उलटलेली असली तरी सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेऊ शकतात. आमची पाच वर्षं एप्रिल २०२३ मध्ये भरली. मुलाने रुग्णालयाचा पार्ट ए आणि डॉक्टरांचा पार्ट बी दोघांसाठी वेळेत घेतले. त्या वर्षी ए चा पूर्ण हप्ता महिन्याला ५०६ डॉलर होता आणि बी चा १६४.९०. दोघांचे मिळून तेराशेच्या वर. हे आकडे आम्ही मनातल्या मनात रुपयांत करून पाहिले आणि त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही.

म्हणून मुलाने पार्ट डी चं नाव काढलं तेव्हा आम्हीच त्याला थांबवलं. म्हटलं, तुझ्यावर आणखी भार नको, आमच्या गोळ्या सांगलीहून येतात.

आणि त्या खरंच येत होत्या. कुणी ना कुणी येणारं असायचंच. भाजणी आणि गोड्या मसाल्याच्या पिशव्यांच्या मधोमध, रबर लावून बांधलेल्या पट्ट्या: यांची ब्लडप्रेशरची टेल्मा, साखरेची ग्लायकोमेट, आणि रक्त पातळ राहावं म्हणून इकोस्प्रिन. कपाटात सहा महिन्यांचा साठा. विमा ही ज्यांना इथली औषधं लागतात त्यांची गरज आहे, असं आमचं पक्कं मत होतं. हे मत मी मंडळाच्याच एका हळदीकुंकवात ऐकलं होतं. पुढच्या जानेवारीत, तशाच हळदीकुंकवात, तिळगूळ देता देता मी तेच दुसऱ्या एका बाईंना सांगितलं. पार्ट डी घेण्याची त्यांची मुदत तेव्हा चालू होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पार्ट डी घेतला नाही. हे पत्र लिहिण्याचं निम्मं कारण त्या बाई आहेत.

मार्च २०२५ मध्ये एका रात्री यांना छातीत धडधड सुरू झाली. थांबेना. रुग्णालयात कळलं की हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत, त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. नर्सने विचारलं, रोज कुठली औषधं घेतात? मी पर्समधून पट्ट्या काढून दिल्या. तिने "इकोस्प्रिन" हा शब्द संगणकात तीन वेळा टाईप केला. सापडेना. शेवटी मुलाने फोनवर शोधून सांगितलं की ही ॲस्पिरिन आहे. तेव्हा ती एकदम गंभीर झाली, कारण डॉक्टर जी गोळी सुरू करणार होते तिच्याबरोबर ॲस्पिरिन घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. इथल्या डॉक्टरांना सांगून औषधं घेतली असती तर ती नोंदीत असती. आमची औषधं कुणाच्याच नोंदीत नव्हती.

रुग्णालयात असताना जे काही दिलं ते पार्ट ए मध्ये बसलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की रोजच्या गोळ्या पार्ट डी चा विषय होतात, हे मला त्या दिवशी फार्मसीच्या काउंटरवर कळलं. नवी गोळी एलिक्विस, दिवसातून दोनदा. काउंटरमागच्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवली. महिनाभराच्या साठ गोळ्यांचे सहाशे डॉलरच्या वर. मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, आमच्याकडे मेडिकेअर आहे. तिने हळूच विचारलं, पार्ट डी आहे? यजमान खिशातलं कार्ड काढून तिच्यासमोर धरून उभे होते. त्यावर ए आणि बी एवढंच लिहिलेलं होतं.

मग लगेच पार्ट डी घेऊन टाकू, असं वाटलं. तसं होत नाही. पहिली मुदत सात महिन्यांची असते: पात्र होण्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन. आमची जुलै २०२३ लाच संपली होती. त्यानंतर काही खास कारण नसेल तर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर एवढंच दार उघडतं आणि विमा सुरू होतो तो १ जानेवारीला. आम्ही मार्चमध्ये उभे होतो. मधले नऊ महिने कसे काढले ते सांगत बसत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातून मिळालेले नमुने, एकदा पूर्ण पैसे भरून घेतलेली बाटली, मग पुन्हा सांगलीहून येणारं माणूस.

आणि या सगळ्यावर वेगळा दंड. औषधाचा मान्य विमा नसताना मुदतीनंतर सलग ६३ दिवस गेले की दंड लागू होतो, आणि विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला देशाच्या पायाभूत हप्त्याच्या (सरकार दरवर्षी ठरवतं तो आकडा) १ टक्का या हिशेबाने तो मोजतात. आमचे ऑगस्ट २०२३ ते डिसेंबर २०२५ असे २९ महिने गेले. २०२६ चा पायाभूत हप्ता ३८.९९ डॉलर. त्याचे २९ टक्के म्हणजे महिन्याला ११.३० डॉलर, प्रत्येकी. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, एवढंच? पण हा दंड एकदा भरून संपत नाही. पार्ट डी आहे तोवर, म्हणजे जिवंत असेपर्यंत, दर महिन्याच्या हप्त्यात तो येणार, आणि पायाभूत हप्ता वाढला की तोही वाढणार. मी तर एकही महागडी गोळी घेत नाही. माझाही दंड तेवढाच.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. ही चूक आपल्याच माणसांत, आपल्याच कार्यक्रमांत, आपल्याच भाषेत पसरते. "गोळ्या भारतातून येतात, डी कशाला" हे वाक्य मला कुठल्या अमेरिकन माणसाने सांगितलं नाही. भारतात विकत घेतलेल्या औषधाचे पैसे पार्ट डी देत नाही आणि बॅगेतून आणलेला साठा हा विमा धरला जात नाही, ही दोन वाक्यं कुणीतरी माईकवरून सांगितली असती तर माझं काम झालं असतं. बरं, ज्या बचतीसाठी आम्ही हे करत होतो ती तरी खरी होती का? बऱ्याच प्लॅनमध्ये मेटफॉर्मिनसारख्या जुन्या जेनेरिक गोळ्या महिन्याला दोन-पाच डॉलरला मिळतात, काहींत तर फुकट. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिनच. गोड्या मसाल्याशेजारी आम्ही जे सांभाळून आणत होतो ते इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं.

दुसरी तक्रार शिळ्या माहितीची. अजूनही आपल्यातले जुने लोक सांगतात की वर्षाच्या मध्यात "डोनट होल" येतं आणि त्यात माणूस अडकतो, म्हणून पार्ट डी चा उपयोग नाही. २००३ च्या कायद्याने आलेला आणि २००६ पासून सुरू झालेला हा विमा सुरुवातीला तसाच होता, हे खरं. ठरावीक खर्चानंतर मध्येच संरक्षण थांबायचं. पण २०२२ च्या कायद्याने ते चित्र बदललं. २०२३ पासून इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत, आणि नागिणीच्या लसीसारख्या शिफारस केलेल्या लशींना काहीच नाही. १ जानेवारी २०२५ पासून ते डोनट होल गेलं आणि विम्यात बसणाऱ्या औषधांवर माणसाने स्वतः करायच्या वर्षाच्या खर्चाला मर्यादा आली: पहिल्या वर्षी २,००० डॉलर, २०२६ साठी २,१००. हप्ता त्यात धरत नाहीत, पण सुरुवातीचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (दर औषधामागे आपण द्यायचा वाटा) धरतात. वर्षाच्या सुरुवातीलाच मोठा खर्च आला तर तो महिन्यांवर वाटून भरण्याची सोयही मागता येते. आणि २०२६ पासून दहा औषधांचे भाव सरकारने कंपन्यांशी घासाघीस करून खाली आणले आहेत. यांची एलिक्विस त्यात आहे. महिन्याचा भाव २३१ डॉलर, जिथे २०२३ चा छापील भाव ५२१ होता. साखरेची जानुव्हिया ५२७ वरून ११३ वर आली. मधुमेह आणि हृदय, आपल्या घराघरातले दोन आजार, आणि त्यांच्यावरची औषधं या यादीत. पण तो भाव मिळायला हातात पार्ट डी हवा.

तिसरं, कागद. सप्टेंबर संपायच्या आत प्रत्येक विमा कंपनीला आपल्या सभासदाला कळवावं लागतं की पुढच्या वर्षी काय बदलतंय: हप्ता, औषधांची यादी, कुठलं औषध दराच्या कुठल्या पायरीवर (पायरी वरची तितके पैसे साधारणपणे जास्त). माझ्या ओळखीच्या एका आजींकडे ते पाकीट मी स्वतः पाहिलं. पाकिटाच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिलेली, पाकीट न फोडलेलं. आतल्या कागदात त्यांची एक गोळी वरच्या पायरीवर गेल्याचं लिहिलं होतं. मुलगा-सून दोघं नोकरीवर, आजींना इंग्रजी वाचता येतं पण हे इंग्रजी नाही. पूर्वपरवानगी, आधी स्वस्त औषध वापरून पाहण्याची अट, ठरावीक दुकानांतच कमी भाव... हे शब्द मराठीत कुणी समजावून दिले तर कळणार नाहीत इतके अवघड नाहीत. आजींनी सांगलीच्या पोस्टात एकटीने बचत खाती चालवली आहेत.

चौथी तक्रार लिहिताना मला अवघड वाटतं, कारण प्रायोजकांशिवाय मंडळ चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण आज आपल्या कार्यक्रमात मेडिकेअरचा शब्द निघतो तो फक्त सभागृहाच्या दारातल्या विमा एजंटच्या टेबलावर. ती मंडळी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांना कंपनीकडून कमिशन मिळतं आणि सगळ्या कंपन्यांचे प्लॅन त्यांच्याकडे असतातच असं नाही, एवढंच आमच्या वयाच्या माणसाला आधी सांगायला हवं. आमच्यातल्या एका गृहस्थांकडे औषधांसकटचा मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन, म्हणजे ए, बी आणि औषधं एकत्र देणारा खासगी कंपनीचा प्लॅन, होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी वर आणखी वेगळा पार्ट डी घेतला. असं केलं की बहुतेक वेळा पहिला प्लॅन आपोआप सुटतो. त्यांचा सुटला, आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांना ते कळलं.

मंडळाने कायदेशीर जबाबदारीची काळजी बोलून दाखवली. ती समजू शकते. पण सल्ला मंडळाने द्यायचाच नाही. प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी मदतीवर चालणारी सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. त्यांचे प्रशिक्षित सल्लागार काही विकत नाहीत आणि एक पैसा घेत नाहीत. मला हे सार्वजनिक वाचनालयात कळलं. तिथे शिपच्या सल्लागार म्हणून एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी तासभर आमच्या गोळ्यांची नावं, डोस आणि आमचं दुकान मेडिकेअरच्या संकेतस्थळावर भरलं आणि वर्षाच्या एकूण खर्चाप्रमाणे प्लॅन लावून दाखवले. सगळ्यात कमी हप्त्याचा प्लॅन आमच्यासाठी सगळ्यात महाग निघाला, कारण एलिक्विससाठी त्यात आमच्या खिशातून जास्त जात होते. हे मला एकटीला सात जन्मांत कळलं नसतं. त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या "एक्स्ट्रा हेल्प" या मदतीचीही चौकशी केली. ती मिळाली तर दंडही माफ होतो. राहतं घर आणि गाडी त्यात मोजत नाहीत, पण आमच्या सांगलीतल्या ठेवींमुळे आम्ही बसलो नाही. आपल्या मंडळात त्यात बसणारी कितीतरी जोडपी असतील. त्यांना हे नावही माहीत नाही. त्या शिक्षिकेचं सगळं बोलणं मला कळावं म्हणून मुलाला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली होती.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दरवर्षी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर यांतली एक दुपार पार्ट डी साठी द्या. तिथे शिपचा सल्लागार बोलवा, बाजूला मराठीत सांगणारं कुणीतरी उभं करा. त्या दिवशी त्या सभागृहात कुठल्याही एजंटचं टेबल नको, मग तो प्रायोजक कितीही मोठा असो. एरवी टेबल लावायचं असेल तर "यांना कंपनीकडून कमिशन मिळतं" ही पाटी मराठीत लावा.

त्याच दुपारी चार लॅपटॉप मांडा. आपल्याकडे संगणकात काम करणाऱ्या मुलांची वानवा नाही. आम्ही आमच्या गोळ्यांच्या डब्या आणि पट्ट्या घेऊन येऊ, त्यांनी नावं भरून द्यावीत. प्लॅन निवडायचा तो आम्ही आणि आमच्या मुलांनी. आमचा मेडिकेअर क्रमांक कुणी लिहून ठेवायचा नाही. आणि पट्टीवरच्या भारतीय नावापुढे औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या पाकिटात जाऊ द्या. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, एवढी एक ओळ आमच्या त्या रात्री हवी होती.

सभासदत्वाच्या अर्जात फराळाच्या ऑर्डरची चौकट आहे. तिच्या शेजारी आणखी एक घाला: घरात कुणी पासष्टीला येतंय का, किंवा कुणाच्या वडीलधाऱ्यांची ग्रीन कार्डवरची पाच वर्षं भरत आली आहेत का. ज्यांनी खूण केली त्यांना चार महिने आधी एक ईमेल. तो मुलांना जाऊ द्या, कारण कागद तेच भरतात.

दिवाळी अंकात किंवा वार्तापत्रात एक पान मराठीतून. ते मी लिहून देते, आणि शिपच्या सल्लागाराकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नका. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून दरवर्षी नवं.

लोक येणार नाहीत, असं तुम्ही म्हणालात. मे महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या खोलीत सात मराठी बायकांना चहाला बोलावलं आणि मला जे कळलं होतं ते सांगितलं. त्यातल्या तिघींची पहिली मुदत त्या वेळी चालू होती आणि तिघींनाही ते ठाऊक नव्हतं. पोहे गार झाले, कुणी उठलं नाही. हळदीकुंकवात मी चुकीचं सांगितलं होतं त्या बाईही आल्या होत्या. त्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुम्हाला तरी कुठे कुणी सांगितलं होतं.

१५ ऑक्टोबरच्या आधीच्या एखाद्या रविवारी सभागृह मोकळं असेल तर कळवा. शिपच्या कार्यालयात फोन मी करेन, पन्नास माणसांचे पोहे आणि चहा माझ्याकडे. यांनीही यायचं कबूल केलं आहे, फार्मसीतली ती गोष्ट ते स्वतः सांगणार आहेत.

आपली,
मंडळाची एक ज्येष्ठ सभासद
ओहायो